बेळगावी हेल आणि थेटरातलं हसू

प्रश्न (वाचक, खानापूर): विनोदी मराठी पिक्चरमध्ये आमच्यासारखं कानडी वळणाचं बोलणारा आला की तो हमखास हॉटेलवाला नाहीतर गडी, आणि थेटर हसतं. आम्ही चिडायचं का?

उत्तर: चिडा की! त्या माणसाला हेल सोडून दुसरं काहीच दिलेलं नसतं, राग त्याचा यायलाच पाहिजे. पुलंनी बेळगावचे रावसाहेब रंगवले, ते असंच बोलतात, शिव्या घालतात पण गाण्यावर जीव टाकतात, म्हणून हसता हसता ते आपल्याला आवडायला लागतात (पुलं इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, माणसं जवळून बघितलेली ना). हिरो, मास्तर, आजी सगळीच तशी बोलूदेत की, आणि डायलॉग इथल्याच माणसाकडून लिहून घ्यावेत.