अभ्यासाला बसली की चुळबुळ? आधी डोळे तपासा

‘हुशार आहे हो मॅडम, पण अभ्यासाला बसतच नाही.’ माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिली ते चौथीतल्या मुलांचे पालक आले की बहुतेक वेळा सुरुवात अशीच होते. डोळे तपासलेत का, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: ‘शाळेत तपासणी झाली, नॉर्मल आहे.’

तिसरीतल्या एका मुलीचे आईवडील हीच तक्रार घेऊन आले. वाचताना ओळी गाळते, डोळे चोळते, दहा मिनिटांत डोकं दुखतं म्हणते. ‘नाटकं आहेत नुसती,’ वडील म्हणाले. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. माझ्या लेखी मुलाचं वागणं हा आधी निरोप असतो. तो वाचल्याशिवाय ‘आळशी’, ‘चंचल’ असे शिक्के मी मारू देत नाही.

पुढे एकदा आम्ही चित्रात लपलेल्या वस्तू शोधायचा खेळ घेतला. गंमत म्हणून मी तिचा डावा डोळा हाताने झाकला. ती आरामात शोधत राहिली. मग उजवा झाकला, तर तिने माझा हात झटकून टाकला. पुन्हा झाकला, पुन्हा झटकला. एरवी शब्दाबाहेर न जाणारी मुलगी!

‘का गं?’

‘या डोळ्याने नाही ना नीट दिसत.’

‘कधीपासून?’

‘हा डोळा असाच असतो ना, सगळ्यांचा?’

शेजारी बसलेली आई माझ्याकडे बघतच राहिली. मुलं तक्रार का करत नाहीत, याचं उत्तर त्या एका प्रश्नात होतं. जन्मापासून जे दिसतं तेच सगळ्यांना दिसतं, असं मूल धरून चालतं. तक्रार करायला आधी फरक माहीत असावा लागतो! इतक्या वर्षांच्या सवयीमुळे ते हात झटकणं माझ्या नजरेतून निसटलं नाही, याचं मला आजही समाधान वाटतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. दोन्ही डोळ्यांना प्लस नंबर, डाव्याला बराच जास्त, आणि तोच ‘आळशी डोळा’ झालेला. मेंदू चांगल्या डोळ्यावर विसंबतो आणि दुसऱ्याची नजर तयार होत नाही. शंभरात साधारण दोन-तीन मुलांमध्ये हे आढळतं. मग शाळेत कसं सुटलं? प्लस नंबरची मुलं डोळ्यांवर ताण देऊन लांबचा तक्ता वाचून जातात. त्रास होतो तो जवळचं वाचताना. शिवाय झाकलेल्या डोळ्याने बोटांच्या फटीतून बघणारीही असतात. शाळेतली तपासणी हवीच, पण तिच्यावर थांबू नका. घरी एकेक डोळा झाकून बघा आणि शाळेत घालण्याआधी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो. नंतरही प्रयत्न सोडू नयेत.

चष्मा तिने लगेच स्वीकारला. आळशी डोळ्याला काम करावं लागावं म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची होती, त्याला मात्र साफ नकार. ‘कोणत्या वेळी लावायची ते तू ठरव,’ म्हटल्यावर तिने चित्रं काढायची वेळ निवडली. मुलांच्या हातात थोडा निर्णय दिला की हट्ट निम्मा उतरतो.

वडिलांना मी एकच काम सांगितलं: ‘तू नाटक करत नव्हतीस, आमचं चुकलं,’ हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. ते त्यांना जड गेलं, पण त्यांनी सांगितलं. कारण नजर सुधारू लागली तरी ‘मी ढच आहे’ हे तिच्या मनातून जायला कितीतरी जास्त वेळ लागला.

चष्म्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. घरातल्या आजीआजोबांनाही हे समजावून सांगा. या वयात सर्रास दिसू लागणारा मायनस नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, टाळायला रोज दोनेक तास उजेडात, मोकळ्यावर खेळणं उपयोगी पडतं. आणि डोळा तिरळा वाटला, किंवा फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढुरकी चमक दिसली, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.