मालिकेचा शेवटचा भाग लिहिण्याआधी

आधी पहिला भाग पुन्हा बघ. नायिकेला तिथे काय हवं होतं ते एका ओळीत लिहून काढ. ते तिला मिळालं की तिनं सोडून दिलं, याचंच उत्तर प्रेक्षकाला हवं असतं. उपकथानकं आधीच्या दोन-तीन भागांत मिटव. नाहीतर शेवटच्या भागाच्या 45 मिनिटांत लग्न, कोर्ट, माफी सगळं कोंबावं लागतं आणि खलनायक एका संवादात सुधारतो (हे कुणालाच पटत नाही). गुंता नायिकेच्या निर्णयानं सुटू दे, अपघातानं नको. कळस तिसाव्या मिनिटाच्या आसपास आण, म्हणजे नंतरच्या शांत प्रसंगांना जागा उरते. पहिल्या भागात ती बेल वाजवून दाराबाहेर ताटकळली असेल, तर शेवटी तिच्या हातात किल्ली दिसू दे. तिथे संवाद लिहू नकोस.