कॉफीचा मळा पाहण्यासाठी कधी जावे आणि तेथे नेमके काय पाहावे?

आपण विचारले आहे की चिक्कमगळूरचा कॉफीचा मळा एवढ्या लांब जाऊन पाहण्यासारखा खरोखर असतो का, आणि कॉफी कशी तयार होते ते तेथे गेल्यावर समजते का. समजते, आणि फार चांगले समजते. मात्र त्यासाठी तोडणी चालू असताना जावे लागते. हे मी अनुभवाने सांगत आहे, कारण पहिल्या खेपेस मी जुलैमध्ये गेले होते. तेव्हा मुसळधार पाऊस, पायाला चिकटणाऱ्या जळवा आणि झाडांवर हिरवी कच्ची फळे एवढेच पाहायला मिळाले, आणि ‘मळ्याची सहल’ म्हणून अर्धा तास पायवाटेने फिरवून आम्हाला विक्रीच्या दुकानात आणून सोडण्यात आले. दुसऱ्यांदा मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले, बाबा बुडनगिरीच्या उतारावरील एका कुटुंबाच्या मळ्यात तीन दिवस राहिले, आणि कॉफी हे मुळात एक नाशवंत फळ आहे ही गोष्ट तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगली.

या डोंगराचे नाव ज्या सूफी संतांवरून पडले, त्या बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणून येथे लावल्या, असे परंपरा सांगते. त्या काळी अरब व्यापारी उगवण्याजोगे बी देशाबाहेर जाऊ देत नसत, म्हणून त्या लपवून आणाव्या लागल्या. आज देशातील सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. आपल्याकडेही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, पण सगळी प्रक्रिया एका जागी पाहायची असेल तर चिक्कमगळूर किंवा कोडगूच गाठावे.

मळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर उसाचा किंवा केळीचा उघडा मळा येतो. कॉफीचा मळा दुरून जंगलासारखाच दिसतो. वर सिल्व्हर ओक, फणस, शिसव आणि पांगारा यांची सावली, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि त्याखाली छाटून माणसाच्या उंचीएवढी ठेवलेली कॉफीची झुडपे अशी तेथील रचना असते. ही सावली शोभेसाठी नसते. तिच्यामुळे फळ सावकाश पिकते, गळलेल्या पाल्याचे खत होते आणि जमिनीतील ओल टिकते. शिवाय अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाच्या खोडात शिरून झाड वाळवणारा जो पांढरा खोडकिडा असतो, त्याला ऊन लागलेले खोड अधिक मानवते, त्यामुळे सावली हाच त्याच्यावरचा पहिला उपाय ठरतो. साधारण 1000 मीटरच्या वर अरेबिका आणि त्याखाली रोबस्टा, अशी ढोबळ वाटणी तेथे दिसते. रोबस्टा अधिक काटक आणि चवीला अधिक कडवट असते आणि तिच्यात कॅफीनही जवळजवळ दुप्पट असते.

सकाळी आठच्या सुमारास तोडणीवाल्या बायका कमरेला पिशव्या बांधून ओळीत उतरल्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. मळ्यावर हजेरी आणि हिशेब ठेवणाऱ्याला ‘रायटर’ म्हणतात. तेथील रायटर बेळगावकडचे असल्यामुळे मराठी बोलत होते. मी पहिले फळ ओढून काढले तेव्हा ते लगेच म्हणाले, “ताई, ओरबाडू नका, पिरगाळून घ्या. देठ झाडावर राहू द्या, पेर दुखावलं तर पुढच्या वर्षी तिथं फूल येत नाही.” एकाच घोसात गडद लाल, पिवळसर आणि हिरवी अशी तिन्ही प्रकारची फळे असतात आणि त्यातील फक्त लाल तेवढी वेचायची असतात, म्हणून एकाच झाडाकडे हंगामात तीन-चार वेळा यावे लागते. माझ्या शेजारच्या अक्का बोटांनी घोस नुसता चाचपत होत्या आणि लाल फळे त्यांच्या तळहातात आपोआप जमा होत होती. मी तासाभरात पिशवीचा जेमतेम तळ झाकला. एक फळ मी तोंडात टाकून पाहिले. साल जाड, गर अगदी पातळ पण चांगला गोड, आणि आत बुळबुळीत आवरणातील दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. कॉफीचा वास त्यात औषधालाही नव्हता. क्वचित एखाद्या फळात दोनऐवजी एकच गोल बी निघते. ती पीबेरी, आणि बाजारात तिची प्रतवारी वेगळी होते.

दुपारनंतर पोती मापाला येतात, कारण मजुरी वजनावर असते. सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे आणि बहुतेक पाहुणे नेमके तेव्हाच खोलीवर परत गेलेले असतात. तोडलेले फळ ढिगात ठेवले की आपल्या आंब्याच्या आढीसारखे तापू लागते आणि रात्रभर तसेच राहिले तर आंबून बीला कुबट वास धरतो, म्हणून त्याच संध्याकाळी ते पल्परवर, म्हणजे साल काढणाऱ्या यंत्रावर, घ्यावे लागते. आधी फळे पाण्यात सोडतात, तेव्हा किडकी आणि पोचट फळे वर तरंगतात व ती बाजूला काढली जातात. मग पल्परच्या फिरत्या खरबरीत पृष्ठावर साल सुटते आणि एका बाजूने लाल सालींचा, दुसऱ्या बाजूने पांढुरक्या, चिकट बियांचा प्रवाह वाहू लागतो.

त्या बिया हौदात साधारण 24 ते 36 तास राहतात आणि तेवढ्या वेळात आंबण्याच्या क्रियेने त्यांच्यावरचा चिकटा सुटतो. किती तास ठेवायचे हे हवेवर अवलंबून असते. इडलीचे पीठ थंडीत उशिरा फुगते तसेच हे आहे. वेळ झाली की नाही हे ठरवण्याची त्यांची रीत मी जवळून पाहिली. दुसऱ्या रात्री नऊ वाजता रायटरांनी विजेरी माझ्या हातात दिली, हौदातील बियांची एक मूठ घेऊन ती पाण्यात चोळली आणि मलाही चोळायला लावली. संध्याकाळी ज्या बिया हातातून माशासारख्या निसटत होत्या, त्याच आता ओल्या खड्यांसारख्या खरखरीत लागत होत्या आणि एकमेकींवर घासून करकर वाजत होत्या. मग त्यांनी ढिगात एक काठी खुपसून बाहेर काढली. तिचे भोक तसेच उभे राहिले, बुजले नाही. “झालं,” ते म्हणाले आणि त्याच रात्री धुण्याचे काम सुरू झाले, कारण आणखी काही तास जाऊ दिले असते तर बियांना आंबट, शिळा वास लागला असता. आपण दुकानात पाकीट उचलताना ज्या चवीची अपेक्षा करतो, तिच्यातील फार मोठा वाटा अशा रात्री, बियांवरून फिरणाऱ्या एका माणसाच्या बोटांनी सांभाळलेला असतो, आणि पाकिटावर त्याचा उल्लेख कोठेही नसतो याचे मला अजूनही वाईट वाटते.

धुतलेल्या बिया अंगणात पातळ पसरून आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस वाळवतात, दिवसातून अनेकदा वरखाली करतात आणि दव पडू नये म्हणून रात्री झाकून ठेवतात. ओलावा सुमारे 10 टक्क्यांवर आला की वाळवण पूर्ण होते. या अवस्थेतील बीवर भाताच्या टरफलासारखे एक कडक कवच असते, त्याला पार्चमेंट म्हणतात. दुसरी पद्धत सोपी आहे: फळ न सोलता अख्खेच दोन आठवडे उन्हात वाळवायचे, मूठभर हातात घेऊन हलवले की बी आत खुळखुळली पाहिजे. तिला चेरी कॉफी म्हणतात आणि रोबस्टाचा मोठा भाग असाच तयार होतो. पुढे कवच काढणे, आकारानुसार चाळणे आणि खराब दाणे निवडणे हे काम मळ्यात न होता चिक्कमगळूर, हासन, कुशालनगर येथील क्युअरिंगच्या कारखान्यांत होते. सुमारे 5 ते 6 किलो ताज्या फळांतून शेवटी 1 किलो हिरवट दाणा हाती येतो.

हा दाणा भाजेपर्यंत कॉफी म्हणून ओळखूही येत नाही. त्याला कच्च्या मटारासारखा वास असतो. मळ्याच्या मालकीणबाईंनी माझ्यासमोर लोखंडी कढईत थोडे दाणे भाजले. आधी ते पिवळे झाले, भाकरी भाजल्यासारखा वास आला, मग तपकिरी होत गेले आणि लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली. यानंतर प्रत्येक अर्धे मिनिट मोलाचे असते, कारण जरा उशीर झाला की करपट कडवटपणाच तेवढा उरतो. फिल्टर कॉफीसाठी त्यात जी चिकोरी मिसळतात ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी आहे; तिने रंग आणि दाटपणा येतो, कॉफीची चव येत नाही. कायद्याने मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि पाकिटावर तिचे प्रमाण छापावे लागते, ते वाचून घ्यावे.

आता जाण्याविषयी. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी चालते आणि रोबस्टाची त्यानंतर मार्चपर्यंत, म्हणून डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. फुलोरा पाहायचा असेल तर मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांनी जावे; सगळा उतार पांढरा होतो आणि मोगऱ्याची आठवण करून देणारा वास दरवळतो, परंतु तो बहर तीन-चार दिवसच टिकतो आणि तारीख पावसाच्या हाती असते. पुण्याहून हुब्बळीमार्गे बंगळुरूकडे जाणाऱ्या रेल्वेने कडूरला उतरल्यास चिक्कमगळूर तेथून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. राहण्याची जागा ठरवताना किमान दोन रात्रींचे आरक्षण करावे, आणि त्याआधी फोन करून पल्पर त्यांच्याच मळ्यात आहे का, त्या आठवड्यात तो चालू असेल का आणि रात्री हौदाजवळ थांबू देतील का, एवढे आवर्जून विचारून घ्यावे.