सोलापुरातील मठात सेवा करायची असेल, तर तिथला रोजचा दिवस कसा असतो?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त काही काळ सोलापुरात राहणार असल्याने सुट्टीच्या दिवशी एखाद्या मठात सेवा करण्याची आपली इच्छा आहे, परंतु तिथे रोज काय चालते आणि बाहेरून आलेल्या माणसाला काय करता येते, याची आपल्याला कल्पना नाही. माझे शालेय शिक्षण इथल्याच एका लिंगायत मठाच्या वसतिगृहात राहून झाले आणि आजही मी त्या मठाच्या कोठीचा, म्हणजे धान्यकोठाराचा, हिशेब पाहतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

या गावात सेवेची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी (यांनाच सिद्धेश्वर म्हणतात) इथे लोकांच्या श्रमातून तलाव घडविला आणि पंचक्रोशीत 68 लिंगांची स्थापना केली. बसवण्णांचा, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचा, काही काळ ज्या मंगळवेढ्यात गेला असे मानले जाते, ते गावही याच जिल्ह्यात आहे. त्या काळापासून चालत आलेले कायक आणि दासोह, म्हणजे कष्टाने मिळवायचे आणि मिळवलेले वाटून खायचे, हेच इथल्या मठांच्या दिनक्रमाचे मूळ आहे. काही मठ पंचपीठांच्या, म्हणजे पाच प्रमुख गुरुपीठांच्या, परंपरेतले आहेत, काही विरक्त, म्हणजे संन्यस्त स्वामींच्या, परंपरेतले. पूजाविधीत थोडाफार फरक आढळेल, मात्र अन्नदासोह बहुतेक ठिकाणी दिसेल.

दिवस पहाटे सुरू होतो. मुले स्नान करून कपाळाला विभूती लावतात आणि इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे छोटे लिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसतात. तोवर स्वामीजींची पूजा आणि रुद्रपठण चालू झालेले असते. त्यानंतर तीर्थप्रसाद होतो आणि मुले शाळेला जातात. दर्शनाला येणारे लोक दिवसभर येत राहतात. कोणी मुलीच्या लग्नाचा विषय घेऊन येतो, कोणी भावाभावांतला जमिनीचा तंटा घेऊन, आणि स्वामीजी कधी कानडीत, कधी मराठीत प्रत्येकाशी बोलतात. आपल्याला कानडी येत नसले तरी अडचण येणार नाही, कारण सोलापुरात एकाच पंगतीत दोन-तीन भाषा सहज चालतात.

मठाचा खरा भार स्वयंपाकघरावर असतो. रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी, भात आणि शेंगाचटणी असते. सणाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गोड खीर, होते. ज्वारी बहुतेक शेतकऱ्यांनी वाहिलेली असते. रब्बीची सुगी झाली की मालदांडी ज्वारीची पोती कोठीत येऊन पडतात आणि तीच पुढे पुरवून पुरवून वापरावी लागतात, कारण एखाद्या वर्षी पावसाने ओढ दिली तर पुढच्या सुगीला पोती कमी येतात, पण पंगत मात्र तेवढीच असते. म्हणून अन्न वाया घालवण्याला इथे फार गंभीर दोष मानतात. जुनी माणसे जेवण झाल्यावर ताटात थोडे पाणी घालतात, बोटाने कडेपासून मध्यापर्यंत ताट निपटून घेतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. ताटात शिताचा कणही उरत नाही. नवख्याला हे विचित्र वाटते, पण मागे राहिलेले ताट कोणीतरी दुसऱ्याने घासायचे असते आणि त्यातले अन्न कोण्या शेतकऱ्याने दिलेले असते, हे ज्याला कळले त्याला त्यात विचित्र काही वाटत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. श्रावणात, अमावास्येला आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा सेवेकऱ्यांची वाण नसते. सात नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीच्या आणि संमती कट्ट्यावर होणाऱ्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्याच्या त्या दिवसांत गावोगावच्या बायका कडक भाकरीच्या चवडी पाठवतात, वाढायला इतकी तरुण मुले पुढे येतात की पंगतीत उभे राहायला जागा पुरत नाही. तो उत्साह चांगलाच आहे. परंतु यात्रा संपून लोक घरी गेले की पुढच्या मंगळवारी भांडी घासायला, धान्य निवडायला आणि कोठी झाडायला दोनच माणसे उरतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला मनापासून सेवा करायची आहे त्याने सण-यात्रेबाहेरचा साधा वार निवडावा आणि तो वार धरून ठेवावा. महिन्यातून दोनच रविवार जमत असतील तर दोनच सांगा, पण ते चुकवू नका. आचारी त्या हिशेबाने कामाची आखणी करतो.

आपले शिक्षण चांगले झालेले दिसते, म्हणून त्याहूनही गरजेचे एक काम सुचवतो. वसतिगृहातली बरीच मुले अक्कलकोट, दक्षिण सोलापूर किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या खेड्यांतून आलेली असतात आणि दहावीच्या गणितात व इंग्रजीत मागे पडतात. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तास-दीड तास त्यांना शिकवणारा माणूस मिळणे भाकरी थापणारा माणूस मिळण्यापेक्षा अवघड आहे. कर्नाटकातल्या तुमकूरच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामीजींनी हजारो मुलांच्या जेवणाबरोबर शिक्षणाचीही सोय कित्येक दशके चालविली. 2019 मध्ये वयाच्या 111 व्या वर्षी ते लिंगैक्य झाले, म्हणजे त्यांचे निधन झाले, तरी ते काम चालू आहे. आमच्याकडे तेवढे बळ नाही, परंतु मुलांची गरज तीच आहे.

जाण्यापूर्वी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिल्या दिवशी थेट स्वामीजींकडे न जाता कोठी पाहणाऱ्या माणसाला भेटावे आणि कशाची निकड आहे ते विचारावे. वस्तू द्यायची असेल तर तेल, तूरडाळ आणि साखर यांचा उपयोग बारा महिने होतो. मिठाईचे डबे मात्र आणू नयेत. पैसे दिल्यास पावती मागून घ्यावी, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मुलांना जेवू घालतानाची छायाचित्रे काढू नयेत. ती मुले मोठी होऊन शिक्षक, तलाठी, डॉक्टर होतात आणि आपले लहानपण कोणाच्या मोबाईलमध्ये दानाचा पुरावा म्हणून राहावे, असे कोणालाही वाटत नाही. स्वयंपाकघरात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत आणि हातपाय धुऊन आत जावे. पहिले काही दिवस बहुधा धान्य निवडण्याचे किंवा पाणी वाढण्याचे काम मिळेल. ते नीट केलेत की मुलांच्या अभ्यासाची जबाबदारी आपणहून सोपवली जाते.