जर्मनमध्ये ‘त्सूग’ म्हणजे आगगाडी ना? मग खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यालाही त्सूग का म्हणतात?

आधी उच्चाराचं सांगते, कारण तो मराठी माणसाला फुकटात मिळालाय. लिहिताना शेवटी ‘ग’ असला तरी एकवचनात बोलताना त्याचा ‘क’ होतो, आणि सुरुवातीला आपल्या ‘चमचा’तला च. म्हणजे ‘माझी चूक झाली’ यातला ‘चूक’ म्हणा, झालं काम. माझ्या वर्गातल्या हिंदीभाषक मुलाला तो च जमेपर्यंत महिना गेला.

आता अर्थ. हा शब्द आलाय ‘त्सीअन’ म्हणजे ओढणे या क्रियापदावरून. इंजिन डबे ओढतं, म्हणून ती रांग त्सूग. जर्मनीत वाफेच्या इंजिनाची गाडी पहिल्यांदा धावली १८३५ साली, न्युर्नबर्ग ते फ्युर्थ. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. मिरवणूकही त्सूग, पक्ष्यांचं स्थलांतरही त्सूग आणि बुद्धिबळातली चालसुद्धा. कुठलीही चाल केली तरी नुकसानच, पण करावी तर लागणारच, अशा अडचणीला बुद्धिबळवाले झुगझ्वांग म्हणतात ना, त्यातला ‘झुग’ हाच.

गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी आपणही ‘ओढणे’च वापरतो. विडी ओढतो, त्यांचा झुरका त्सूग. रेघ ओढतो, त्यांच्याकडे चेहऱ्याच्या ठेवणीलाही त्सूगच, अनेकवचनात.

तुमचा वारा यातलाच. फटीतून आत ओढली जाणारी हवा. मी उन्हाळ्यात डब्याची खिडकी उघडली, तर समोरच्या आजी मफलर सावरत म्हणाल्या, “एस त्सीट!” शब्दशः ‘ओढतंय’. काय ओढतंय ते मला कळेना, मी आपली बॅग जवळ घेतली. या झोताने मान धरते असं तिथे अनेकजण मनापासून मानतात, तेव्हा वाद घालू नका, खिडकी लावा.

स्वित्झर्लंडमधलं त्सूग नावाचं गाव मात्र माझं सगळ्यात लाडकं. आज ते ओळखलं जातं कमी करांसाठी आणि बड्या कंपन्यांसाठी, पण नाव पडलं मासेमारीवरून: तळ्यातली जाळी काठावर ओढायची जागा, म्हणून त्सूग. कोकणात रापण ओढताना पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.