मशीन घेण्याआधी केसांचे तास मोजा

प्रश्न: 20 सेंटिमीटरच्या तयार प्लश (मऊ, लवदार कापडाच्या) बाहुल्या घेऊन त्यांना हाताने शिवलेले कपडे आणि लोकरीचे केस लावून मी विकते. महिन्याला चारेक जातात. मुदत ठेव मोडून भरतकामाचं संगणकीय मशीन आणि घाऊक भावात 40 कोऱ्या बाहुल्या घ्याव्यात का? चेहरेही मशीनवरच भरता येतील. ठेवीत घरखर्चाचे चार महिने निघतील एवढी रक्कम आहे. निम्मी यात जाईल.

उत्तर: नका घेऊ. निदान या जोडीने तरी नाही, कारण या दोन वस्तू एकमेकींच्या उपयोगाच्याच नाहीत. भरतकामाच्या मशीनला कापड रिंगेत सपाट ताणून लावावं लागतं, खाली आधाराचा कागद आणि वर पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी लागते. फिल्म नसेल तर टाके लवेत बुडतात. भरलेलं, शिवून बंद केलेलं डोकं रिंगेत बसत नाही. शिवण उसवून, भरण काढून, चेहरा भरून पुन्हा शिवायचं म्हटलं तर एवढ्या वेळात तो हातानेच होईल. मशीनचा खरा फायदा चेहरा आधी भरून बाहुली स्वतः शिवणाऱ्यांना. तुम्ही तयार बाहुली घेता.

आता आकडे. तुमची विक्री किंमत 100 धरली, तर तुम्ही पाठवलेल्या हिशेबानुसार बाहुली 30, कापड 7, लोकर 9, टिचबटणं आणि दोरा 4, पॅकिंग 5, विक्रीचं कमिशन 10. उरतात 35. एका बाहुलीला लागतात 9 तास: केसांना 4, कपड्यांना साडेतीन, मापं, फोटो आणि ग्राहकाशी बोलण्यात दीड. म्हणजे तासाला चारपेक्षाही कमी. मशीनची किंमत 1200 होते. ती भरून यायला 35 बाहुल्या विकाव्या लागतील, म्हणजे जवळपास नऊ महिने, आणि तोवर तुमच्या हातात काही नाही. घाऊक खरेदीत बाहुली 24 ला पडेल, 40 मागे 240 वाचतील. पण 960 अडकतील आणि शेवटची बाहुली दहाव्या महिन्यात निघेल. तोवर ग्राहक 15 सेंटिमीटरची मागू लागले तर?

अडलंय ते केसांपाशी. लोकर विंचरून, तिच्या बटा शिवून, भांगापासून कानापर्यंत ओळीने लावायच्या, हे काम कुठलंही मशीन फारसं वाचवत नाही. ॲक्रिलिक लोकर सरळ करताना इस्त्री जरा जास्त तापली तर धागे वितळून चिकटतात. ब्रशने फार ओढली तर निम्मी ब्रशमध्येच राहते. त्याऐवजी नेहमीच्या ऑर्डरला कृत्रिम फर वापरा. ती महाग, बाहुलीमागे 6 जास्त जातील, पण केसांचं काम दीड तासात होतं. डोक्याचा घेर मोजून कागदी साचा करा. लवेची दिशा कपाळाकडून मागे राहील असा तो फरच्या उलट्या बाजूवर आखा. कापताना कात्री नको. कटरच्या पात्याने फक्त पाठीचं कापड चिरा, लव कापू नका, नाहीतर कडेला बोडकी पट्टी दिसते. शिवणीला 5 मिलिमीटर माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) पुरे. डोक्याला लपत्या टाक्याने शिवा. गरम गोंद गार झाल्यावर कडक होतो आणि केस ओढले की निघतो. परत आलेली बाहुली म्हणजे त्या महिन्याची चौथाई कमाई.

कपड्यांसाठी सरळ आणि झिगझॅग टाका देणारं साधं मशीन पुरेसं आहे. तुम्ही दिलेल्या दरात ते 240 ला येतं आणि दीड तास वाचवतं. पातळ सुती कापडाला 70 नंबरची सुई, टाका 2 मिलिमीटरचा. बाही मात्र खांदा जोडल्यावर, पण कूस (बाजूची शिवण) जोडण्याआधी सपाटच लावा. एवढी बारीक नळी मशीनच्या पायाखाली जात नाही. डोकं अंगापेक्षा मोठं असल्यामुळे पाठ पूर्ण उघडी ठेवा आणि टिचबटणं लावा, कारण वेल्क्रोचे आकडे केसांत अडकतात. लाल आणि काळं कापड रंग जायचा थांबेपर्यंत धुऊनच कापा. फिकट अंगावर चढलेला डाग निघत नाही.

फर आणि साधं मशीन धरलं तर 9 तासांचे 5 होतात, शिल्लक 29, म्हणजे तासाला 5.8. साधं मशीन नऊ बाहुल्यांत वसूल होतं आणि दोन-तीन महिन्यांच्या कमाईतून येतं. ठेवीला हात लावायची गरज नाही. (ऑर्डर अनियमित असणाऱ्यांनी तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावाच. शिवाय मुदतीआधी मोडलेल्या ठेवीवर व्याज कमी मिळतं.) लोकरीचे केस बंद करू नका, 15 जास्त लावा. मग वाढीव कमिशन जाऊन 9 ऐवजी साडेसात तासांत साधारण 48.5 उरतात, तासाला जवळपास 6.5. हेच काम आज तुम्ही फुकट करता आहात.

ऑर्डरसोबत निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि कापड कापल्यावर ती परत मिळणार नाही, हे आधी लिहून कळवा. ती रक्कम वेगळ्या खात्यात राहू द्या; बाहुली पोचेपर्यंत ती खर्चू नका. कोऱ्या बाहुल्या एका वेळी फार तर आठ घ्या. प्रसिद्ध पात्रांसारख्या बाहुल्या परवानगीशिवाय विकू नका. आणि टिचबटणं किंवा मणी लावलेली बाहुली तीन वर्षांखालच्या मुलासाठी मागितली, तर टिचबटणं आणि मणी काढून कपडे अंगावरच शिवून बंद करा, किंवा सरळ नाही म्हणा.