मंगामधले आईबाप जातात कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमच्या जपानी शिकवणाऱ्या बाईंची उत्तरं

प्रश्न : मुलगी नववीत आहे. जपानी प्रेमकथांचे मंगा (म्हणजे चित्रकथा) इंग्रजीतून वाचते. परवा सहज चाळले, तर जिथे तिथे नायिका एकटी, आईबाप गायब आणि मुलगे त्याच घरात मुक्कामाला! एका पुस्तकात तर दोन जोडप्यांनी जोडीदारच बदलून घेतलेत. वाचू द्यावं का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, अदलाबदलीवरून पुस्तक ओळखलं. वातारू योशिझुमी यांचं ‘मार्मालेड बॉय’. १९९२ ते १९९५ या काळात ते ‘रिबोन’ मासिकात क्रमशः यायचं, आणि ‘रिबोन’ तुमच्या लेकीहून लहान मुलीही वाचतात. मिकीचे आईबाबा हवाईची सहल करून येतात आणि जाहीर करतात, की तिथे भेटलेल्या जोडप्याशी आमची अदलाबदल ठरलीय, आता सगळ्यांनी एकाच घरात राहायचं. संतापते ती एकटी मिकी, मोठी माणसं मजेत. घरात अक्कल असलेलं माणूस आपल्याच वयाचं आहे, हे वाचण्यात त्या वयात केवढं सुख असतं!

आईबाप गायब होतात ती अर्धी गोष्टीची सोय. आई घरात असती तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपली असती. तुम्ही-मी संपवलीच असती. उरलेलं अर्धं मात्र तिथल्या घरांतूनच आलंय. कंपनीनं दुसऱ्या गावी बदली केली की पुष्कळदा बाप एकटाच जातो. मुलांची शाळा मोडू नये म्हणून बायको-मुलं मागे राहतात. याला ‘तानशिन फुनिन’ म्हणतात, आणि ते इतकं सवयीचं आहे की गोष्टीत कुणी त्याचा खुलासाही करत बसत नाही. घटस्फोट झाला तर मुलांचा कायदेशीर ताबा एकाच पालकाला मिळायचा. दोघांना मिळू शकेल असा कायदा संमत व्हायला २०२४ साल उजाडलं. तेव्हा एखादा बाप गोष्टीतून गेला तो गेलाच, हा दर वेळी लेखिकेचा आळस नसतो.

लेकीकडे नात्सुकी ताकायांचं ‘फ्रूट्स बास्केट’ आहे का विचारा. बहुधा असेल. १९९८ ते २००६ चाललेली गोष्ट, २३ खंड. तोहरूचे वडील ती लहान असतानाच गेले, आई अपघातात गेली, आजोबांच्या घराचं काम निघालं, म्हणून ही पोर तंबू ठोकून राहते. तंबूची जागा निघते सोमा कुटुंबाची. मग ती त्यांच्या घरी राहायला जाते आणि बदल्यात स्वयंपाकपाणी, धुणीभांडी, केरवारा सगळं अंगावर घेते. त्या कुटुंबातल्या काही जणांवर शाप आहे : मुलाला बाहेरच्या मुलीनं मिठी मारली की तो चिनी राशिचक्रातला प्राणी होतो, कुणी उंदीर, कुणी कुत्रा. म्हणजे तुम्हाला ज्याची धास्ती वाटतेय, ते लेखिकेनं सुरुवातीलाच अवघड करून ठेवलंय! मग राहतं काय, तर घर. मोमिजी नावाच्या पोराचा ससा होतो. त्याच्या आईला ते सोसत नाही, आणि हा आपल्या पोटचा आहे ही आठवणच ती पुसून घेते. तो तिला लांबून बघतो, ती त्याला ओळखत नाही. ते प्रकरण तेवढं तुम्ही वाचाच. नवऱ्यासमोर वाचू नका, रडाल.

अशा गोष्टींत चुंबन कितव्या पानावर आहे ते मी बघत नाही. चुलीपाशी कोण आहे ते बघते. ‘होरिमिया’ नावाच्या मंगातली होरी वर्गात देखणी, हुशार, सगळ्यांची लाडकी. शाळा सुटली की घरी पळते, कारण आई कामावर आणि धाकटा भाऊ सोता घरी. वर्गातला गप्प गप्प मियामुरा तिच्या दारात पहिल्यांदा येतो तो नाकातून रक्त येणाऱ्या सोताला घेऊन. मग येतच राहतो. त्या घरातला रोजचा होतो, आणि प्रेमाचं बोलणं त्याच्याही नंतर. याला वाईट वळण म्हणायचं असेल तर म्हणा.

मला न आवडणारंही सांगते. काओरू तादांचं ‘इताझुरा ना किस’. कोतोकोचं नवंकोरं घर भूकंपात पडतं, ती वडिलांच्या मित्राकडे राहायला जाते, आणि तिची चिठ्ठी धुडकावणारा इरिए नेमका त्यांचाच मुलगा. तो तिला उठता-बसता पाण्यात बघतो आणि ही त्यातच गोडी शोधते. लेखिका १९९९ मध्ये वारल्या, गोष्ट अपुरी राहिली, लोक आजही जीव टाकतात. टाकोत बापडे. लेकीनं ते आणलं तर हिसकावू नका, त्यावरून तिच्याशी कडकडून भांडा. (इरिएची आई मात्र झकास आहे.) आणि इंग्रजी आवृत्तीच्या मलपृष्ठावर वयोगट छापलेला असतो तो बघत जा, चित्रं गोड असली म्हणजे गोष्ट लहानांची असतेच असं नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ‘किमि नि तोदोके’ वाचतो म्हणून मित्र हसतात. पण खरंच, ‘तू आवडतेस’ एवढं म्हणायला हे लोक इतके खंड का घेतात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्रांना सांग, वर सांगितलेलं ‘होरिमिया’ जपानात मुलग्यांच्या मासिकात येत होतं. गप्प बसतील.

तुझं पुस्तक ३० खंडांचं, हे खरं. पण नायिका सावाको सुरुवात कुठून करते बघ. लांब काळ्या केसांमुळे वर्ग तिला सिनेमातल्या भुताच्या नावानं, सादाको म्हणून हाक मारतो. तिच्या डोळ्यांत तीन सेकंद पाहिलं की काहीतरी वाईट होतं अशी अफवा. जिला धड मैत्रीण नाही ती एकदम प्रेम कसं करणार? आयाने आणि चिझुरूशी तिचं जमतं, तीच माझ्या मते पहिल्या खंडांतली खरी प्रेमकथा. नायक काझेहाया थांबला तर बिघडलं कुठे!

शिवाय तिकडे दोनदा एकत्र फिरलं म्हणून जोडी ठरत नाही. समोर उभं राहून, ‘तू मला आवडतेस, माझ्याबरोबर येशील का’ असं स्पष्ट विचारायचं. बोललेलं मागे घेता येत नाही, म्हणून सगळी गंमत त्याच्या आधी. बुटांच्या कप्प्यात ठेवलेली चिठ्ठी, १४ फेब्रुवारीला मुलींनी दिलेलं चॉकलेट, १४ मार्चला मुलांनी केलेली परतफेड, वर्ग झाडायची पाळी दोघांची एकाच दिवशी येणं. (वर्ग मुलंच झाडतात, शिपाई नव्हे.) आणि धंदाही आहेच : मासिकात दर महिन्याला एक प्रकरण, चालणारी गोष्ट कोण घाईनं संपवेल? गच्चीवर डबा खाण्यावर मात्र फार विश्वास ठेवू नकोस. खऱ्या शाळांत गच्चीला बहुतेक कुलूपच असतं.

प्रश्न : नातीनं एका मंगाचा पाचवा खंड वाचायला दिला. पुस्तक शेवटाकडून उघडतं, कोण कधी बोलतंय कळत नाही आणि मुलीच्या डोक्यामागे मधूनच फुलं उगवतात. काय करावं? – एक आजोबा, ठाणे

उत्तर : प्रत्येक पान उजवीकडून डावीकडे, मग खालच्या ओळीत. बोलण्याच्या फुग्यांचाही क्रम तोच. फुग्याबाहेर नुसतीच लिहिलेली वाक्यं बहुधा मनातली. फुलं बागेतली नव्हेत. त्या क्षणी तिला काय वाटतंय ते फुलांनी दाखवलेलं असतं. चौकटी मोडून मनातलं असं पानभर पसरवण्याची रीत १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्या पिढीनं फुलवली. आणि पाचव्या खंडापासून काय सुरू करताय? नातीकडून पहिला मागून घ्या.